तीन खुर्च्यांचा प्रश्न

राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि दीर्घकाळ रखडलेली लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर या शहरांत मार्च २०२२ पासून प्रशासकाचा अंमल होता. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथे तर तो २०२० पासूनच सुरू झाला होता. एवढा काळ शहरांचा कारभार एका सनदी अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने चालला. आता महापौर कोण, स्थायी समितीच्या किल्ल्या कोणाकडे, सभागृहनेता कोणत्या गटाचा, याची चर्चा वृत्तपत्रांत भरभरून झाली. ज्या खुर्च्यांची चर्चा कोठेच झाली नाही, त्या आहेत प्रभाग समितीतील तीन खुर्च्या. त्या नगरसेवकांच्या नाहीत. त्या सामान्य रहिवाशांतून पुढे आलेल्या, कोणतेही मानधन न घेता काम करणाऱ्या माणसांसाठी कायद्याने राखून ठेवल्या आहेत.

या खुर्च्या आल्या कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. कारण अनेक नगरसेवकांनाही ते ठाऊक नसते. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिने घातलेल्या अनुच्छेद २४३-एसनुसार तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापन करणे बंधनकारक झाले. समितीची रचना कशी असावी, हे मात्र राज्यांच्या विधिमंडळांवर सोपविण्यात आले. महाराष्ट्राने १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कलम २९-अ घातले आणि त्यात तीन घटक ठरविले : त्या क्षेत्रातील सर्व नगरसेवक, प्रभागाचा प्रमुख अधिकारी, आणि मान्यताप्राप्त स्वयंसेवी व लोकाधारित संस्थांच्या सदस्यांतून नगरसेवकांनी नामनिर्देशित केलेले, तीनपेक्षा अधिक नसलेले प्रतिनिधी. संस्था समाजकल्याणाच्या कामात असावी, तिचे काम त्याच समितीच्या क्षेत्रात चाललेले असावे आणि प्रतिनिधी त्याच क्षेत्रातील मतदार असावा, अशी अट आहे. म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा नामवंत येथे चालत नाही. हवा आहे तो त्याच गल्लीतला माणूस, ज्याच्या दारासमोरचे गटार तुंबते. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातही याच धर्तीची तरतूद आहे.

समितीची कामेही कायद्यात लिहिलेली आहेत. पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा या नित्याच्या सेवांविषयी नागरिकांच्या तक्रारींचे जलद निवारण करणे; प्रभागाशी संबंधित खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्यापूर्वी त्यांवर विचार करून शिफारशी करणे; आणि अंदाजपत्रकात तरतूद असेल तर लहान कामांना प्रशासकीय व आर्थिक मंजुरी देणे. मंजुरीची मर्यादा कायद्याने घातली ती पाच लाख रुपयांची. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते, हे लक्षात घेतले की पाच लाखांचा हा आकडा एखाद्या गरीब नातेवाइकाच्या हातावर ठेवलेल्या दक्षिणेसारखा वाटतो. तरीही दुसरे काम, म्हणजे अंदाजपत्रक वर जाण्याआधी त्यावर बोलण्याचा अधिकार, हा लहान नाही. आपल्या गल्लीसाठी किती पैसा मागितला जात आहे आणि कोणत्या नावाने, हे रहिवाशाला निर्णयाआधी कळण्याची ही जवळजवळ एकमेव जागा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आणि नगरसेवक २२७. म्हणजे एका नगरसेवकामागे सुमारे ५५ हजार माणसे. मुंबई सोडली तर राज्यातील अन्य महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुधा चौघा नगरसेवकांचे. चौघे निवडून आले म्हणजे चौपट काम होते असे नाही. पाण्याची तक्रार घेऊन गेलेला मतदार एकाकडून दुसऱ्याकडे पाठविला जातो आणि चौघांचेही फलक मात्र त्याच चौकात झळकतात. अशा रचनेत, ज्याला पुढच्या निवडणुकीत तिकीट मागायचे नाही आणि ज्याचे कोणत्याही ठेक्यात अडकलेले नाही, अशी तीन माणसे समितीच्या टेबलाशी बसणे, ही चैन नव्हे. ती गरज आहे.

प्रत्यक्षात झाले काय? अनेक शहरांत या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. जेथे भरल्या, तेथे पुष्कळदा पक्षाचा जो कार्यकर्ता तिकिटापासून वंचित राहिला, ज्याने बूथवर राबून दाखविले, किंवा ज्याची नाराजी नेत्याला परवडणारी नव्हती, त्याची सोय येथे लावण्यात आली. त्यासाठी संस्था लागते, तीही मिळते. प्रत्येक प्रभागात एखादे मित्रमंडळ, एखादे क्रीडा मंडळ, एखादे महिला मंडळ नोंदणीकृत असतेच. गणेशोत्सवाची वर्गणी आणि दहीहंडीचा मंडप यांपलीकडे त्याचे काम नसले, तरी कागदावर ‘समाजकल्याण’ हा उद्देश लिहिलेला असतो. नामनिर्देशन करणारे नगरसेवक, नामनिर्देशित होणारा त्यांचाच माणूस, आणि समितीचा अध्यक्ष घटनेनुसारच नगरसेवकांतून निवडलेला. मग प्रश्न विचारणार कोण आणि कोणाला?

स्वीकृत नगरसेवकांच्या बाबतीत हेच घडून गेले आहे. महापालिका कारभाराचे विशेष ज्ञान वा अनुभव असलेल्यांना सभागृहात स्थान मिळावे, म्हणून ती तरतूद झाली. वैद्य, अभियंते, शिक्षक, वकील, सामाजिक कार्यकर्ते तेथे यावेत अशी कल्पना होती. पुढे या जागा पराभूत उमेदवारांच्या सांत्वनाचे साधन झाल्या. त्यांची संख्या पाचवरून दहापर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा वाढलेल्या जागांवर अधिक ज्ञानी माणसे येतील, असे कोणी गृहीत धरले असेल असे वाटत नाही.

अर्थात सारा दोष राजकीय पक्षांच्या पदरात टाकणे सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. स्वयंसेवी संस्थांचेही एक जग आहे. लेटरहेडवर जगणाऱ्या संस्था त्यात आहेत. महापालिकेकडूनच प्रशिक्षणाचे वा जनजागृतीचे ठेके घेणाऱ्या आहेत आणि त्याच महापालिकेच्या समितीत नागरिकांचा आवाज म्हणून बसू पाहणाऱ्याही आहेत. त्याहून अधिक आढळतो तो एकाच प्रश्नाचा ध्यास घेतलेला प्रामाणिक पण एकारलेला गृहस्थ. त्याच्या सोसायटीपुढचा फेरीवाला आणि त्याच्या फाटकापाशी लागणाऱ्या गाड्या, एवढ्यात त्याचा प्रभाग संपतो.

यातील खरी उणीव अशी की, रहिवासी प्रतिनिधी म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो गृहनिर्माण सोसायटीतील निवृत्त अधिकारी. त्याच्याजवळ वेळ असतो, इंग्रजीत पत्र लिहिण्याची हातोटी असते, फायलीची भाषा त्याला कळते. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९० च्या दशकात आपल्या गल्लीतील कचऱ्याचा प्रश्न स्वतः हाती घेतला. त्यातून महापालिकेने परिसर व्यवस्थापनाची जी योजना आखली, तिने शेकडो गल्ल्यांत चांगले काम केले, हे निःसंशय. परंतु ती प्रामुख्याने सोसायट्यांची योजना राहिली. त्याच प्रभागातील वस्तीत, जेथे सार्वजनिक स्वच्छतागृहापुढे पहाटे बायकांची रांग लागते आणि दारच नसलेल्या खोलीत मुलींना जाववत नाही, तेथील आवाज या व्यवस्थेत क्वचितच पोहोचला. सोसायटीला पार्किंग हवे असते, वस्तीला नळ हवा असतो, आणि दोन्ही मागण्या एकाच अंदाजपत्रकातून भागवायच्या असतात. समितीत वस्तीतील माणूस, त्यातही वस्तीतील स्त्री नसेल, तर नळ मागे पडतो. कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, त्याविषयी बोलणारे कोणी नसल्यामुळे. समरसतेवरील व्याख्यानांना टाळ्या देणाऱ्यांनी या एका खुर्चीचा विचार करून पाहावा. तीन जागांपैकी किमान एक वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला द्यावी, असा आग्रह नगरसेवकांकडे धरायला कोणताही कायदा आड येत नाही. कर्नाटकाने तर हे नियमातच बांधले. तेथील नियमांनी प्रत्येक वॉर्डाच्या समितीत नगरसेवकाखेरीज दहा नागरिक ठरविले आणि त्यांत किमान तीन स्त्रिया, किमान दोन अनुसूचित जाती-जमातींचे आणि दोन रहिवासी संघांचे असावेत असे म्हटले. तेथे सारे आलबेल झाले असे नाही. बेंगळुरूच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. पण समितीत कोण असावे याचा विचार तरी तेथे झाला.

आता या खुर्चीवर बसणाऱ्याने करायचे काय? त्याचे स्वरूप मुळीच आकर्षक नाही. सभेची कार्यपत्रिका हाती येते ती पुष्कळदा आदल्या दिवशी. पहिला विषय असतो मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा. तो मिनिटभरात ‘कायम’ होतो आणि सारे चहाकडे वळतात. वास्तविक साऱ्या सभेचा जीव त्याच विषयात असतो. मागच्या महिन्यात जलवाहिनीच्या गळतीविषयी जे ठरले, त्याचे काय झाले? उत्तर ठरलेले असते : संबंधित विभागास कळविले आहे. येथे जाणता सदस्य थांबतो. कोणत्या तारखेला कळविले, पत्राचा जावक क्रमांक काय, विभागाने काय उत्तर दिले, हे शांतपणे विचारतो आणि ते इतिवृत्तात नोंदवून घेतो. आवाज चढवणारे सदस्य अधिकाऱ्यांना परिचित असतात; त्यांची भीती वाटत नाही. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न, तोच जावक क्रमांक घेऊन येणाऱ्याची वाटते.

एप्रिल-मे महिन्यांत नालेसफाई येते. किती टक्के गाळ निघाला याचे आकडे जाहीर होतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात आकडे व पाणी दोन्ही रस्त्यावर येतात. नाल्याच्या काठी राहणाऱ्या सदस्याला टक्केवारी लागत नाही. कल्व्हर्टखाली काल पाणी किती उंचीवर होते, ते त्याला ठाऊक असते. गाळाचे डंपर किती वेळा गेले, काढलेला गाळ काठावरच ठेवून पुन्हा आत घसरला का, हे पाहायला त्याला अभियांत्रिकीची पदवी नको; सकाळचा अर्धा तास हवा. तीच गोष्ट पाण्याची. कोणत्या गल्लीला किती वाजता आणि किती वेळ पाणी सुटते, हे वॉर्ड कार्यालयातील तक्त्यापेक्षा चावीवाल्याला आणि हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला अधिक नेमके ठाऊक असते. आठवडाभराच्या वेळा वहीत लिहून समितीपुढे ठेवल्या, तर वादाला फारशी जागाच उरत नाही.

सर्वांत महत्त्वाचा काळ दिवाळीच्या आगेमागे येतो, जेव्हा पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी प्रभागाच्या मागण्या तयार होऊ लागतात. तेव्हा बोलले तर उपयोग होतो. मार्चनंतर बोलणे म्हणजे गाडी गेल्यावर फलाटावर हात हलविणे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून अर्ज भरून कामे सुचवून घेण्याचा उपक्रम सुरू केला. पदपथ, दिवे, बाक, बसथांबे, स्वच्छतागृहे अशी लहान कामे त्यातून अंदाजपत्रकात आली. हा देशातील एक उल्लेखनीय प्रयोग आहे. त्याची दुबळी बाजूही पुणेकर जाणतात. सुचविलेले काम अंदाजपत्रकात येते, पण वर्षअखेरीस ‘वर्गीकरण’ नावाच्या मार्गाने तो पैसा एका शीर्षाखालून दुसऱ्याकडे जातो आणि स्वच्छतागृहाच्या जागी कमान उभी राहते. वर्गीकरणाचा विषय कार्यपत्रिकेवर आला, की तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ न देणे, एवढे एकच काम तीन सदस्यांनी पाच वर्षे केले, तरी त्यांची खुर्ची सत्कारणी लागली असे म्हणता येईल.

काम झाल्यावर त्याचे माप पाहायचे असते. ठेकेदाराला देयक मिळते ते मोजमाप पुस्तिकेतील नोंदीवर. ती पाहण्यासाठी समितीचे सदस्यत्वही लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे, आणि पुणे महापालिकेत रुजलेली, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहू देण्याची पद्धत राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी लागू केली. पुस्तिकेत लिहिलेली लांबी आणि रस्त्यावरची लांबी यांत फरक निघाला, तर पत्रकार परिषद घेण्याआधी तो समितीत लेखी मांडावा. दुरुस्ती झाली तर उत्तम. नाही झाली तर पुढचे मार्ग मोकळे आहेतच.

पदाने नामनिर्देशित आणि संख्येने एकटा असा सदस्य काय करू शकतो, याचे उदाहरण पुण्याच्याच इतिहासात आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ते निवडून आलेले नव्हते. सरकारने नेमलेले होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्याच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला. नेमणूक करणारे सरकार, येणारा पाहुणा सरकारचा सर्वोच्च प्रतिनिधी, आणि सभागृहात राजनिष्ठेची चढाओढ. जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच संमत झाला. त्याच वर्षी त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लेखी कळविले. ज्याने खुर्ची दिली त्याच्याच विरुद्ध मत देता येते, हे दीडशे वर्षांपूर्वी एका नामनिर्देशित सदस्याने दाखवून दिले. आज ज्या नगरसेवकांच्या शिफारशीने समितीत जायचे, त्यांच्या स्वागतकमानीला विरोध करण्याची हिंमत किती जणांत असेल?

समित्यांची परंपरा आपल्याकडे याहून फार जुनी आहे. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील मंदिराच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील, इसवी सनाच्या ९१९ आणि ९२१ या सुमाराचे शिलालेख आहेत. गावाचे तीस विभाग, प्रत्येक विभागातून नावे लिहून घड्यात टाकलेल्या चिठ्ठ्या, आणि लहान मुलाच्या हातून काढलेली सोडत. त्यांतून वार्षिक समिती, उद्यान समिती, तलाव समिती बनत. वय ३५ ते ७०. गेल्या तीन वर्षांत समितीवर राहिलेला अपात्र. आणि सर्वांत बोलके कलम असे की, जो पूर्वी समितीवर होता पण ज्याने हिशेब दिला नाही, तो तर अपात्रच. त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. या शिलालेखाचा अभिमानाने उल्लेख करणारी भाषणे पुष्कळ होतात. हे गाव ब्राह्मणांना दान दिलेले होते, जमीन आणि वेदाध्ययन यांच्या अटी होत्या आणि बहुसंख्य ग्रामस्थ त्या घड्याबाहेरच होते, हे त्या भाषणांत सहसा येत नाही. ते यायला हवे. पण हिशेबाचे ते कलम? एका नगरसेवकाच्या मुदतीनंतर त्याची पत्नी, मग मुलगा, मग सून अशी रांग लागलेली असताना, ते वाचून आजच्या कोणत्याही पक्षाच्या नेत्याला सुखाने झोप येणार नाही.

समितीत तज्ज्ञ वा नागरिक असणे हा केवळ शोभेचा भाग नाही, हे न्यायालयांनीही मानले आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये शहरांत वृक्ष प्राधिकरणे आहेत आणि त्यांत नगरसेवकांबरोबर वृक्षांचे ज्ञान असलेल्या संस्थाप्रतिनिधींना घेण्याची तरतूद आहे. मुंबईच्या प्राधिकरणात असे तज्ज्ञ नसल्यामुळे २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या निर्णयांना स्थगिती दिली. मग तज्ज्ञ नेमले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये आरेतील मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडांचा प्रस्ताव याच प्राधिकरणात संमत झाला आणि त्यानंतर दोघा तज्ज्ञ सदस्यांनी प्रक्रियेवर आक्षेप घेत राजीनामे दिले. मुंबईला मेट्रो हवीच होती. याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु मेट्रोचा समर्थकही हे मान्य करील की, नियुक्त सदस्याचा आक्षेप मतदानाआधी इतिवृत्तात यायला हवा. मतदानानंतरचा राजीनामा दुसऱ्या दिवशीच्या बातमीपुरता उरतो.

कायद्याची आणखी एक बाजू अजून कागदावरच आहे. केंद्राच्या डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा निधी हवा, तर राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा, अशी अट होती. महाराष्ट्राने २००९ मध्ये ती पूर्ण केली आणि शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद आणली. गावात जशी ग्रामसभा, तशी काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांची शहरातील सभा. निधी आला, खर्च झाला, ती योजनाही संपली. क्षेत्रसभा मात्र बहुतेक शहरांत झालीच नाही. काँग्रेस आघाडीच्या काळात झाली नाही, हे खरे. २०१४ नंतरही झाली नाही, हेही तितकेच खरे. ग्रामीण भागात ग्रामसभेचा मान राखा असे सांगणारे सर्वच पक्ष शहरातील मतदाराला समोर बसवून हिशेब देण्यास का कचरतात, याचे उत्तर त्या पक्षांनी द्यावे. या साप्ताहिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ज्या पक्षांना जानेवारीत मते दिली असतील, त्यांनाही हे उत्तर टाळता येणार नाही. मागच्या सरकारकडे बोट दाखविण्याची सोय आता उरलेली नाही.

तथापि याहून अवघड प्रश्न राजकारण्यांना नव्हे, सज्जनांना विचारायचा आहे. सेवाभावी कार्यकर्त्यांची महाराष्ट्रात वानवा नाही. पुराच्या पाण्यात उतरणारे, रक्तदान शिबिरे भरविणारे, वस्तीत अभ्यासिका चालविणारे, आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारे हजारो आहेत. महापालिकेच्या समितीचे नाव काढताच त्यांतील बहुतेक जण हात झटकतात. तेथे राजकारण आहे, आपले ते काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पण ज्या वस्तीत अतिसाराची साथ येते आणि कार्यकर्ते औषधे वाटतात, त्या साथीचे कारण गटाराशेजारून गेलेली फुटकी जलवाहिनी असेल, तर ती बदलण्याचा विषय प्रभाग समितीच्याच कार्यपत्रिकेवर येतो. औषध वाटणे ही सेवा आणि जलवाहिनीसाठी सहा महिने पाठपुरावा करणे हे राजकारण, अशी विभागणी कोणी केली? सरदार वल्लभभाई पटेल १९१७ मध्ये अहमदाबाद नगरपालिकेत गेले आणि तेथे स्वच्छता समितीचे काम त्यांनी अंगावर घेतले. शहरात प्लेग असताना ते शहर सोडून गेले नाहीत. संस्थाने विलीन करणारा माणूस आधी गटारे आणि कचरा यांच्या फायली वाचत होता.

सेवाकार्यात कृतज्ञता मिळते. समितीच्या कामात ती मिळत नाही. जलवाहिनी बदलली की फलक नगरसेवकाचा लागतो. पाठपुरावा करणाऱ्याचे नाव इतिवृत्ताच्या आतल्या पानावर राहते, तेही टंकलेखकाने बरोबर लिहिले तर. शेजारी म्हणतात, एवढे मीटिंगांना जातोस, मग आमचा रस्ता का होत नाही? नगरसेवक म्हणतो, पुढच्या वेळी उभा राहायचा विचार दिसतो. घरचे म्हणतात, महिन्यातली एक सुटी तरी आमच्यासाठी ठेवा. हे सारे सोसून, कोणाच्याही गाडीत न बसता, ठेकेदाराच्या चहालाही नम्रपणे नकार देत पाच वर्षे काढायची आहेत. हे सर्वांना जमणार नाही. ज्यांना जमेल, त्यांनी मागे राहू नये. त्यांच्या संस्थांनीही अशा कार्यकर्त्याला इतर कामांतून थोडे मोकळे करावे, आणि त्याने दर महिन्याला समितीत काय झाले ते संस्थेच्या बैठकीत सांगावे. नाहीतर तो एकटा पडतो, आणि एकटा पडलेला सदस्य एकतर थकतो किंवा मिसळून जातो.

नगरसेवकांनाही एक व्यवहाराची गोष्ट सांगता येईल. आपल्याच माणसाला ती खुर्ची दिली तर एक नाराज कार्यकर्ता काही काळ गप्प बसतो. जाणत्या रहिवाशाला दिली, तर अधिकाऱ्याला जो प्रश्न नगरसेवक स्वतः विचारू शकत नाही, कारण उद्या त्याच अधिकाऱ्याकडे दहा कामे घेऊन जायचे असते, तो प्रश्न परस्पर विचारला जातो.

ज्या प्रभागांत ही नामनिर्देशने अजून व्हायची आहेत, तेथील संस्थांनी आपली कागदपत्रे एकत्र करून ठेवावीत : नोंदणी प्रमाणपत्र, गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, त्याच प्रभागात केलेल्या कामाचा पुरावा, आणि ज्याचे नाव सुचवायचे त्याचे मतदारयादीतील नाव व अनुक्रमांक. काही महापालिका यासाठी जाहीर सूचना देऊन अर्ज मागवितात. ती सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींच्या गर्दीत, बारीक अक्षरांत येते. जेथे अशी सूचना निघत नाही, तेथे नगरसचिवांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि जागा भरल्या असल्यास कोणत्या संस्थांच्या, कोणत्या कामाच्या आधारे भरल्या, हे त्याच अर्जात विचारावे.